कोड बरोबर, तरीही पॅच परत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ओपन सोर्समध्ये योगदान द्या, नोकरीला उपयोग होतो’ हा सल्ला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हल्ली चहूबाजूंनी मिळतो. सल्ला वावगा नाही. पण योगदान द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायची वेळ आली की बहुतेक मार्गदर्शक दोन बटणे दाखवून मोकळे होतात: गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर फोर्क करा (प्रकल्पाची आपली प्रत काढा), पुल रिक्वेस्ट पाठवा (आपला बदल घ्या अशी विनंती करा). याचा परिणाम २०२० च्या ऑक्टोबरात जगाने पाहिला. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टच्या बदल्यात टी-शर्ट मिळत असे. रीडमी फाइलमध्ये एखादे विशेषण घुसडणाऱ्या विनंत्यांचा असा ढीग साचला, की ज्या प्रकल्पांना हवे असेल त्यांनीच सामील व्हावे असा बदल आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात करावा लागला. प्रकल्प सांभाळणाऱ्या, फुकट काम करणाऱ्या मेन्टेनर मंडळींचा वेळ त्यात गेला तो गेलाच.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे (तिच्या गाभ्याकडे) पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाची फाइल, कसा जातो, ते येथे तपशिलात मांडतो. हा प्रकल्प सर्वांत कडक शिस्तीचा आहे आणि येथली सवय अंगी लागली की इतर कुठेही अडत नाही. (आज्ञा देवनागरीत देत आहे, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

पहिली गोष्ट, गिटहबवर दिसणारे कर्नलचे भांडार (गिट या इतिहास नोंदवणाऱ्या साधनाने ठेवलेला कोडचा साठा) ही केवळ प्रत आहे. तेथे पुल रिक्वेस्ट पाठवली तर ती कोणी घेत नाही. पॅच जातो ईमेलने, साध्या मजकुरात. तो त्या त्या भागाच्या मेन्टेनरला आणि त्या भागाच्या मेलिंग लिस्टला पाठवायचा. कोणाला, याचा अंदाज करायचा नाही. कर्नलच्या मूळ फोल्डरात ‘मेन्टेनर्स’ नावाची प्रचंड फाइल आहे. प्रत्येक नोंदीत माणसाचा पत्ता, लिस्ट, कोणते गिट-भांडार वापरायचे आणि त्या भागाची सध्याची स्थिती दिलेली असते. स्थितीच्या जागी ‘ऑर्फन’ (अनाथ) असेल तर तेथे पॅच पाहायला सहसा कोणी बसलेले नाही, हे आधीच कळते. ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातल्या ‘गेट_मेन्टेनर’ या पर्ल स्क्रिप्टला तयार पॅच दिला की ती यादी काढून देते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना थेट प्रत पाठवायची हौस अनेकांना असते, ती आवरावी. त्यांच्याकडे बदल जातात ते मेन्टेनरमार्फत.

दुसरी गोष्ट, कोणत्या भांडारावर काम करायचे. कोड उतरवताना डेटा वाचवायला ‘डेप्थ १’ देऊन उथळ प्रत घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात इतिहासच येत नाही. मग कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली ते दाखवणारे ‘गिट ब्लेम’ निरुपयोगी ठरते आणि ही चूक कोणत्या कमिटने (इतिहासात नोंदवलेल्या बदलाने) आणली ते शोधता येत नाही. ते तर पॅचमध्ये लिहावे लागते. त्यापेक्षा ‘फिल्टर=ब्लॉब:नन’ हा पर्याय द्यावा. सगळा इतिहास येतो, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या गरज पडेल तशा नंतर उतरतात. आणि शक्य असेल तेथे त्या भागाच्या मेन्टेनरच्या झाडावर (त्याच्या भांडारावर) किंवा पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल एकत्र करणाऱ्या ‘लिनक्स-नेक्स्ट’वर काम करावे. उबंटूबरोबर आलेल्या सहा महिने जुन्या कर्नलवर बनवलेला पॅच पुढे लागतच नाही. आणि बऱ्याचदा तोच बग तोवर दुसऱ्या कोणीतरी सुधारलेला असतो.

आता प्रत्यक्ष बदल. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. बग सुधारता सुधारता शेजारच्या दहा ओळींची मोकळी जागा नीट केली, की पॅच परत. कारण साधे आहे: तपासणाऱ्याला अकरा ओळींत खरा बदल असलेली एक ओळ हुडकावी लागते. पाच पॅचची मालिका असेल तर प्रत्येक टप्प्यावर कर्नल बांधला गेला (कंपाइल झाला) पाहिजे आणि चालला पाहिजे. तिसऱ्या पॅचने मोडून पाचव्याने जोडलेले चालत नाही. उद्या कोणी ‘गिट बायसेक्ट’ने (इतिहास निम्मा निम्मा करत) बग शोधत असेल आणि नेमका मधला टप्पा त्याच्या वाट्याला आला, तर त्याचा शोध तेथेच अडतो.

नवख्यांचा आवडता बग म्हणजे मेमरी लीक. ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या) आधी बफर (मेमरीचा तुकडा) घेतला, पुढची पायरी फसली, फंक्शन तसेच परतले आणि बफर अडकून राहिला. असे बग खरेच असतात आणि सुधारण्याजोगे असतात. पण बफर ‘के-झेड-अलॉक’ने घेतला आहे की ‘डेव्हएम_के-झेड-अलॉक’ने, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारात डिव्हाइस सुटताना किंवा प्रोब फसल्यावर मेमरी आपोआप मोकळी होते. तेथे मेमरी मोकळी करणाऱ्या ‘के-फ्री’ची ओळ घालणे म्हणजे तीच मेमरी दोनदा मोकळी करणे, लीक नव्हतीच, आता मात्र कर्नल कोसळू शकतो. विश्लेषणाच्या साधनाने किंवा एआयने दाखवलेला ‘बग’ शहानिशा न करता पाठवला की हे हमखास घडते. मेन्टेनर ते दहा सेकंदांत ओळखतो. त्याच नावाचा पुढचा पॅच मग तो अधिक संशयाने उघडतो, यात त्याची चूक नाही.

बांधणी आपल्याच लॅपटॉपवर झाली म्हणजे संपले असेही नाही. ६४ बिटी यंत्रावर बिनतक्रार बांधला गेलेला कोड ३२ बिटी एआरएमवर अडतो. ६४ बिटी संख्येला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागले तर ३२ बिटी बांधणीत लिंकर अडतो, कारण त्यासाठी लागणारे फंक्शन कर्नलमध्ये नाही. तेथे ‘डिव्ह_यू६४’ वापरावे लागते. ‘साइझ_टी’ छापताना ‘एलयू’ लिहिले तर ३२ बिटी कंपायलर कुरकुरतो, ‘झेडयू’ लिहावे. आपला भाग मॉड्यूल म्हणून, कर्नलमध्येच आणि पूर्ण बंद ठेवून, असा तिन्ही प्रकारे बांधून पाहावा. ‘मेक’ला ‘डब्ल्यू=१’ दिले तर एरवी लपलेल्या सूचनाही दिसतात. एवढे केले नाही तरी इंटेलचा स्वयंचलित तपासनीस लिस्टवरचे पॅच उचलून अनेक मांडण्यांत (कॉन्फिगरेशन्समध्ये) बांधतो आणि चुका जाहीरपणे कळवतो, हे खरे. पण तो आपल्यासाठी आहे असे समजून आळस करू नये.

त्यानंतर ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवायची. ती शैलीच्या चुका काढते: आठ स्तंभांचा टॅब, ओळीअखेरची मोकळी जागा, लांबलेली ओळ. तिने काढलेली प्रत्येक चूक सुधारलीच पाहिजे असे मात्र नाही. ओळ दोन-चार अक्षरांनी लांबली आणि तोडली तर वाचायला अवघड होते, अशा वेळी ती तशीच ठेवलेली बरी. चेकपॅच ही सल्लागार आहे, न्यायाधीश नव्हे, असे कर्नलच्या कागदपत्रांचेही म्हणणे आहे. जुन्या, चालू कोडवर चेकपॅच चालवून नुसती शैली सुधारणारे पॅच बहुतेक मेन्टेनरना नको असतात. अपवाद ‘ड्रायव्हर्स/स्टेजिंग’ या फोल्डराचा. तेथला कोड मुळात कच्चा म्हणून ठेवलेला असतो, अनेक ड्रायव्हरांच्या फोल्डरात ‘टूडू’ फाइल असते आणि नवख्यांचे पहिले पॅच तेथे चालवून घेतात.

सर्वांत जास्त पॅच अडतात ते कमिटच्या संदेशावर, आणि आपल्या महाविद्यालयांत नेमके तेच शिकवले जात नाही. कमिट म्हणजे ‘अपडेट’, ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी सवय चार वर्षांत पक्की झालेली असते. कर्नलमध्ये विषयाच्या ओळीत आधी भागाचे नाव, मग अपूर्णविराम (:), मग थोडक्यात बदल. सगळे मिळून सत्तर-पंच्याहत्तर अक्षरांत. ‘ड्रायव्हरमधली चूक सुधारली’ हा विषय नव्हे. ‘इंटरप्टची नोंदणी फसल्यास बफर मोकळा करा’ हा विषय. भागाचे नाव कसे लिहायचे, हे त्या फाइलचा ‘गिट लॉग’ काढून तेथल्या जुन्या विषयांवरून ठरवायचे. क्रियापद आज्ञार्थी हवे. ‘या पॅचमध्ये मी अमुक केले आहे’ अशी प्रस्तावना नको.

खालच्या मजकुरात काय बदलले ते फार सांगत बसू नये. ते कोडमध्येच दिसते. आधी काय घडत होते, वापरणाऱ्याला त्याचा त्रास काय, आणि हाच उपाय का, एवढे लिहावे. कर्नल कोसळत असेल तर लॉगमधल्या कामाच्या ओळी द्याव्यात, वेळेचे आकडे काढून. वेग वाढला म्हणत असाल तर आकडे आणि मोजण्याची पद्धत दोन्ही द्या. जुन्या कमिटने आणलेला बग असेल तर ‘फिक्सेस’ ही ओळ लागते: त्या कमिटच्या ओळखक्रमांकाची किमान पहिली १२ अक्षरे आणि कंसात, अवतरणात, त्याचा पूर्ण विषय. ती एकाच ओळीत ठेवायची, लांब झाली तरी तोडायची नाही. तोडली तर ती वाचणाऱ्या स्क्रिप्टना ओळखू येत नाही. मजकुराच्या बाकीच्या ओळी ७५ अक्षरांशी वळवाव्यात. इंग्रजी साधे असले तरी चालते. अलंकारिक इंग्रजीचा पॅचला काही उपयोग नाही, आणि इंग्रजी कच्चे म्हणून पॅच पाठवायला घाबरण्याचेही कारण नाही.

शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ‘गिट कमिट -एस’ दिले की ती ओळ आपोआप लागते, म्हणून तिच्याकडे शोभेची ओळ म्हणून पाहिले जाते. तसे नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधील कोडच्या मालकीवरून आयबीएमवर खटला भरला. पुढच्या वर्षी कर्नलने ही पद्धत आणली. या ओळीने आपण जाहीर करतो की कोड माझा आहे किंवा योग्य परवान्याखाली मिळालेला आहे, तो देण्याचा मला हक्क आहे आणि ही नोंद कायम जाहीर राहील. येथे आपल्याकडच्या नोकरदारांनी थांबून विचार करावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पुण्याच्या कंपनीत कामाच्या वेळात लिहिलेला ड्रायव्हर स्वतःच्या जीमेलवरून पाठवण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. नेमणूकपत्रातले बौद्धिक संपदेचे कलमही वाचावे. एआयकडून कोड लिहून घेतला तरी सही माणसाचीच आणि जबाबदारीही त्याचीच. निनावी पॅच स्वीकारत नाहीत. शिवाय लिस्टवरचा प्रत्येक मेल नाव-पत्त्यासह कायमचा जाहीर संग्रहात जातो, तेव्हा पुढेही चालेल असाच मेलपत्ता वापरावा.

आता मेल. येथे चांगले चांगले चीतपट होतात. पॅच जीमेलच्या वेब खिडकीत चिकटवला तर टॅबच्या जागी मोकळ्या जागा येतात आणि ७८ अक्षरांनंतर ओळ तुटते. डोळ्यांना काही फरक दिसत नाही; मेन्टेनरकडे मात्र ‘पॅच लागत नाही’ एवढेच उत्तर येते. एचटीएमएल मेल असेल तर तो लिस्टवर पोचतच नाही, सर्व्हरच परतवतो. पॅच अटॅचमेंट म्हणून जोडू नये, कारण उत्तर देणाऱ्याला त्यातली नेमकी ओळ उद्धृत करून तिच्याखाली शेरा लिहायचा असतो. कंपनीच्या पत्त्यावरून पाठवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: कंपनीचा सर्व्हर तळाशी ‘हा मेल गोपनीय आहे’ अशी इंग्रजी पुस्ती परस्पर जोडतो. गोपनीय म्हणून बजावलेला मजकूर जाहीर प्रकल्पात घेता येत नाही, त्यामुळे असा पॅच बाजूला पडतो.

उपाय एकच, ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने फाइल काढायची आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवायची. उबंटू, डेबियन किंवा फेडोरावर ‘सेंड-ईमेल’ ही गिटची आज्ञाच नाही असा निरोप आला तर गोंधळू नये. ‘गिट-ईमेल’ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. जीमेलसाठी द्विस्तरीय पडताळणी चालू करून अॅप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. अनेक वसतिगृहांच्या नेटवर्कवर हे पोर्ट बंद असते. तेथे मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा, किंवा ‘बी-फोर’ हे साधन शिकून घ्यावे. त्यात एकदा आपली चावी नोंदवली की पॅच वेबमार्गे पाठवता येतात.

काहीही करा, पहिल्यांदा पॅच स्वतःलाच पाठवा. आलेल्या मेलचा मूळ मजकूर फाइलीत उतरवून घ्या आणि स्वच्छ ब्रँचवर ‘गिट एएम’ने लावून पाहा. लागला तर पुढे पाठवा. ‘करप्ट पॅच’ असे उत्तर आले, तर बहुधा फाइल हाताने दुरुस्त केलेली असते. पॅचमध्ये दोन-दोन @ चिन्हांमध्ये ‘-१२०,७ +१२०,९’ असे लिहिलेले असते. म्हणजे १२० व्या ओळीपासून जुन्या सात ओळी जाऊन नव्या नऊ आल्या. एरवी वर तीन आणि खाली तीन ओळी संदर्भाच्या, म्हणजे एक ओळ काढली आणि तीन घातल्या. एडिटरमध्ये एखादी ओळ हाताने वाढवली की हा हिशेब चुकतो. पॅचची फाइल सुधारायची नसते. कोड सुधारायचा, ‘अमेंड’ करायचे (शेवटची कमिट बदलायची), फाइल नव्याने काढायची.

पाठवायची वेळही पाहावी. कर्नलची आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक वेळी दहा हजारांहून अधिक बदल आत येतात. पहिले दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ (नवे बदल आत घेण्याचा काळ) असते. मेन्टेनर आधीच तपासून ठेवलेले काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात. त्या काळात नवे वैशिष्ट्य पाठवू नये. नेटवर्किंगवाले तर तेव्हा ‘नेट-नेक्स्ट’ हे झाड बंदच ठेवतात. ‘आरसी१’ ही पहिली चाचणी आवृत्ती निघाल्यावर पाठवावे. उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. किमान एक आठवडा गप्प राहावे, मग त्याच धाग्यात एका ओळीची नम्र आठवण करावी.

उत्तर आले की ते बहुधा कोरडे असते. त्यात राग नसतो. समोरच्याने दिवसात पन्नासावा पॅच उघडलेला असू शकतो. ‘सर’, ‘रिस्पेक्टेड सर’ वगैरे लागत नाही, आणि क्षमायाचनाही नको. प्रत्येक शेऱ्याला त्याच्याच खाली उत्तर द्यायचे, एकतर ‘दुसऱ्या आवृत्तीत बदलतो’ किंवा ‘हे असे ठेवले कारण…’. मेन्टेनर चुकतो असे वाटले तर तसे कारणासह लिहावे. मान्य नसताना मुकाट्याने बदललेला कोड पुढे आपल्यालाच निस्तरावा लागतो. दुसरी आवृत्ती ‘-व्ही२’ देऊन काढावी, आणि आधीच्या आवृत्तीपासून काय बदलले ते संदेशाखालच्या तीन आडव्या रेघांनंतर लिहावे. रेघांखालचे गिटच्या इतिहासात जात नाही, तपासणाऱ्याला मात्र दिसते. कोणी ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासल्याची ओळ) दिले असेल तर ती ओळ नव्या आवृत्तीत आपण जोडायची. मधल्या काळात कोड बराच बदलला असेल तर काढून टाकायची. एका दिवसात तीन आवृत्त्या पाठवू नयेत. पहिली कोणी अर्धी वाचलेली असते, तेवढ्यात दुसरी येते.

ही ईमेलची पद्धत जुनाट आहे, अशी तक्रार तरुण करतात. तिच्यात तथ्य आहे. पहिला पॅच जायला लागणारा वेळ बराचसा मेल सावरण्यातच जातो. पण हजारो लोक आपापल्या साधनांनी, कोणत्याही एका कंपनीच्या संकेतस्थळावर न विसंबता काम करू शकतात, हा तिचा फायदाही लहान नाही.

महाविद्यालयांना एक विनंती. ‘स्वीकारलेल्या पॅचची संख्या’ हा गुणांचा निकष ठेवू नका. साठ जणांचा वर्ग एकाच आठवड्यात एकाच स्टेजिंग ड्रायव्हरवर सोडला की एकच चूक सुधारणारे सात-आठ पॅच येतात आणि महाविद्यालयाचा मेलपत्ता लक्षात राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचे उघड झाले, तेव्हा त्या विद्यापीठाच्या पत्त्यांवरून येणारे सगळेच पॅच थांबवले गेले आणि आधीचे स्वीकारलेले बदलही पुन्हा तपासावे लागले. आपल्याकडचा दोष निष्काळजीपणाचा असेल, हेतूचा नाही. पण पत्त्याची पत तशीही घसरते. त्यापेक्षा वर्गातच एक भांडार ठेवा, एका विद्यार्थ्याला सत्रभर मेन्टेनर करा आणि इतरांचे पॅच त्याने ‘गिट एएम’ने लावून, शेरे देऊन परत करावेत. गुण संदेशाला आणि दुसऱ्या आवृत्तीला द्या.

ज्यांना कर्नल फार खोल वाटतो, त्यांच्यासाठी मराठीच्या जवळचे काम ‘ग्लिबसी’ या लिनक्सवरच्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीत आहे. लिनक्सवर मराठीत दिनांक, वारांची नावे आणि शब्दांचा क्रम कसा लागतो, हे त्यातली ‘एमआर_आयएन’ ही लोकेल (भाषा-प्रदेशाच्या मांडणीची) फाइल ठरवते. तेथेही पॅच ईमेलने, ‘लिबसी-अल्फा’ या लिस्टवर जातो, आणि २०२१ पासून कॉपीराइट हस्तांतराच्या करारनाम्याऐवजी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ चालते. मात्र महिन्याचे नाव चुकलेले दिसले तर आधी युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या भाषाविषयक माहितीच्या संचात काय आहे ते पाहावे. चूक तेथेच असेल तर दुरुस्ती तेथे, त्यांच्या सर्वेक्षणाच्या साधनातून सुचवावी लागते. ‘ग्लिबसी’वाले पहिल्याच उत्तरात सीएलडीआरमध्ये काय आहे ते विचारतील.

आपला,
एक वाचक, पुणे